द्राक्षांतील अवशेष तपासणीसाठी सूक्ष्म एलसी : प्रयोगशाळेत की पॅकहाऊसवर?

प्रश्न : हंगामी_केमिस्ट (नाशिक)

नमस्कार. नाशिक जिल्ह्यातील एका खासगी अवशेष-तपासणी प्रयोगशाळेत मी काम करतो. जानेवारी ते एप्रिल हा आमचा हंगाम असतो आणि त्या काळात निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने इतके येतात की एलसी-एमएस/एमएस यंत्र (द्रव क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे एलसीने, द्रव्ये वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणारे) रात्रीही बंद होत नाही. सध्याची आमची पद्धत साधी आहे : कुटलेल्या द्राक्षातून दहा ग्रॅम घेऊन इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये निष्कर्षण, त्यानंतर सफाई, द्रावक उडवून उरलेला अंश मेथॅनॉल-पाण्यात घेणे आणि २.१ मिमी व्यासाच्या सी-१८ कॉलमवर (द्रव्ये धरून वेगळी करणाऱ्या भुकटीने भरलेल्या नळीत) मिनिटाला ०.४ मिली प्रवाहाने पृथक्करण. या हिशेबाने एक यंत्र चोवीस तासांत अर्ध्या लिटरहून अधिक मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रावक) पिते. तो विकत घेण्याचा खर्च आहेच, शिवाय वापरलेल्या द्रावकाची विल्हेवाट लावण्याचा त्रास वेगळा.

व्यवस्थापनाने माझ्यापुढे दोन प्रस्ताव ठेवले आहेत. पहिला असा की, नेहमीच्या कॉलमऐवजी ०.३ मिमी व्यासाचा कॅपिलरी कॉलम वापरून मायक्रोलिटर प्रवाहावर, म्हणजे सूक्ष्म एलसीवर, जावे. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार त्याने द्रावक वाचेल आणि संवेदनशीलता ‘पन्नासपट’ वाढेल. दुसरा प्रस्ताव आमच्याकडे नमुने पाठवणाऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा आहे. हल्ली ब्रीफकेसएवढी, बॅटरीवर चालणारी एलसी यंत्रे मिळू लागली आहेत. तसे एखादे पॅकहाऊसवर ठेवून काढणीच्या आधीच बागायतदाराला ‘माल बसतो की नाही’ हे सांगता येईल का, अशी त्यांची विचारणा आहे. त्यांच्या मनात सर्वांत मोठी धास्ती लिहोसीनची, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाची आहे. २०१० साली याच रसायनाच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, आणि ती आठवण इकडे अजून ताजी आहे.

ज्यांनी सूक्ष्म एलसीवर प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : सूक्ष्मप्रवाह (सध्या बेल्जियम)

‘पन्नासपट’ हा आकडा कुठून आला, ते आधी पाहू, कारण तो खोटा नाही, फक्त अर्धा सांगितला जातो. कॉलममध्ये घातलेले द्रव्य बाहेर पडताना किती पातळ होते, हे कॉलमच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. २.१ ला ०.३ ने भागून वर्ग केला की ४९ येतात. म्हणजे तेवढेच द्रव्य दोन्ही कॉलमांत घातले, तर बारीक कॉलममधून बाहेर येणारे शिखर (आलेखावरील द्रव्याचा उंचवटा) ४९ पट संहत असते. ‘तेवढेच द्रव्य घातले तर’ ही अट मात्र माहितीपत्रकात सहसा दिसत नाही. मोठ्या कॉलमवर आपण पाच मायक्रोलिटर अर्क घालत असाल, तर त्याच प्रमाणात बारीक कॉलमला ०.१ मायक्रोलिटरच सोसतो. त्याहून जास्त घातल्यास शिखरे पसरतात. घातलेले द्रव्यच ४९ पट कमी झाले, की संहतीचा सगळा लाभ तिथेच फिटतो.

म्हणून जिथे नमुनाच मुळात थोडा असतो, उदाहरणार्थ एका मधमाशीतील कीटकनाशक किंवा कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब, तिथे सूक्ष्म एलसीला पर्याय नाही. नागोया विद्यापीठात दाइदो इशिई यांच्या गटाने १९७० च्या दशकात हे बारीक कॉलम पुढे आणले आणि पुढे प्रथिनांच्या अभ्यासकांनी ७५ मायक्रोमीटरचे कॉलम सर्वत्र रूढ केले, त्यामागे मुख्य कारण नमुन्याची टंचाई हेच होते. द्राक्षाच्या बाबतीत ती टंचाई नाही. पाहिजे तर आणखी दहा ग्रॅम कुटता येतात.

तरीही मी या प्रस्तावाला नाही म्हणणार नाही, कारण लाभ दुसऱ्या ठिकाणी आहे. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे द्रव फवारून आयन करणाऱ्या स्रोतात, प्रवाह कमी झाला की थेंब बारीक होतात, ते लवकर आटतात आणि आयनीभवन अधिक कार्यक्षम होते. शिवाय द्राक्षातील शर्करा, आम्ले आणि फिनॉल यांच्यामुळे संकेत दबण्याचे प्रमाण घटते. या वाढीव संवेदनशीलतेचा उपयोग शोधमर्यादा आणखी खाली नेण्यासाठी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोपात ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिग्रॅ ही सरसकट मर्यादा लागते, आणि ती आपले आजचे यंत्र सहज गाठते. लाभ वापरायचा तो अर्क पाण्याने आठ-दहापट पातळ करण्यासाठी. त्याने मॅट्रिक्सचा, म्हणजे फळातील इतर घटकांचा, परिणाम उतरतो, आयनस्रोत कमी घाण होतो, आणि अर्कातील मेथॅनॉलचे प्रमाण घटल्यामुळे द्रव्ये कॉलमच्या तोंडाशीच गोळा होतात; त्यामुळे ०.१ मायक्रोलिटरचे बंधन सैल होऊन एक-दोन मायक्रोलिटर घालता येतात. हंगामात स्रोत धुण्यासाठी यंत्र किती वेळा थांबवावे लागते, याचा हिशेब ठेवत असाल तर या मुद्द्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

द्रावकाचे म्हणाल तर ०.४ मिलीचा प्रवाह ४९ ने भागल्यास मिनिटाला सुमारे आठ मायक्रोलिटर उरतो, म्हणजे दिवसाला जेमतेम १२ मिली. २००८-०९ मध्ये अ‍ॅसिटोनायट्राइलची जगभर टंचाई झाली होती, तेव्हा या आकड्याकडे पुष्कळांचे लक्ष गेले. ते रसायन अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या निर्मितीत जोडीने मिळते. मंदीत मोटारींचे प्लास्टिक आणि अ‍ॅक्रिलिक धागे यांची मागणी कोसळली आणि प्रयोगशाळांच्या बाटल्या रिकाम्या राहिल्या. मात्र आपल्या प्रयोगशाळेतील बहुतेक द्रावक एलसीमध्ये खर्च होतो की निष्कर्षणात, हे आधी मोजून पाहावे. दर नमुन्यामागे दहा मिली इथाइल अ‍ॅसिटेट जात असेल, तर कॉलम कितीही बारीक केला तरी तो खर्च हलणार नाही.

आता अडचणी. त्यांतील सर्वांत मोठी ही की, जुन्या यंत्राला नवा कॉलम लावला म्हणजे सूक्ष्म एलसी होत नाही. ०.३ मिमी व्यासाच्या आणि १५० मिमी लांबीच्या कॉलममध्ये द्रवाला मिळणारी जागा साधारण सात मायक्रोलिटर असते. नेहमीच्या यंत्रातील ०.१२ मिमी पोकळीची अर्धा मीटर नळी एकटीच साडेपाच मायक्रोलिटर घेते! कॉलमने वेगळी केलेली शिखरे नळीत पुन्हा एकत्र मिसळतील. पंपाच्या मिक्सरमध्ये शंभर मायक्रोलिटर जागा असेल, तर आठ मायक्रोलिटरच्या प्रवाहावर ग्रेडियंट (द्रावकाचे बदलते मिश्रण) कॉलमपर्यंत पोहोचायलाच बारा मिनिटे लागतील. तेव्हा पंप, इंजेक्टर, २५ किंवा ५० मायक्रोमीटर पोकळीच्या नळ्या आणि स्रोतातील बारीक सुई हे सर्व बदलावे लागते. अशा नळ्या चिमूटभर कचऱ्यानेही तुंबतात, ०.२ मायक्रोमीटरची गाळणी आणि उलट्या प्रवाहाने धुता येणारा ट्रॅप कॉलम (मुख्य कॉलमच्या आधीचा छोटा कॉलम) यांशिवाय द्राक्षाचा अर्क घालण्याचे धाडस करू नये.

दुसरी अडचण गळतीची. मोठ्या प्रवाहात जोड गळला की थेंब दिसतो. आठ मायक्रोलिटरच्या प्रवाहात शेकडा दोन-तीन टक्के गळती झाली तर थेंब जमण्याआधीच द्रावक उडून जातो, जोड कोरडा दिसतो आणि धारणकाल (द्रव्य कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) मात्र हळूहळू सरकत राहतो. युरोपीय संघाची अवशेष-तपासणीची सँटे मार्गदर्शिका ओळख पटवण्यासाठी धारणकालात फक्त ०.१ मिनिटाची सूट देते, आणि ही सूट प्रवाह कमी आहे म्हणून वाढत नाही.

७५ मायक्रोमीटरच्या, नॅनोलिटर प्रवाहाच्या वाटेला तर या कामासाठी जाऊच नये. ती संशोधनाला शोभते. रोज शेकड्यांनी येणाऱ्या द्राक्षांना नव्हे.

उत्तर २ : विश्लेषक_पुणे

वरील उत्तर उत्तम आहे. मी दुसऱ्या प्रस्तावाविषयीच लिहितो, कारण त्यात अपेक्षाभंग होण्याची शक्यता अधिक वाटते.

ब्रीफकेसएवढ्या एलसी यंत्रांमध्ये बहुधा अतिनील एलईडीचा डिटेक्टर असतो, आणि तो एका किंवा दोन ठरावीक तरंगलांबींवर, साधारण २५५ ते २८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पाहतो. क्लोरमेक्वाट हा चतुर्थक अमोनियम आयन आहे; त्यात बेंझिनचे कडे नाही, दुहेरी बंध नाही, आणि म्हणून या पट्ट्यातील प्रकाश तो शोषतच नाही. ज्या रसायनासाठी हे यंत्र घ्यायचे, तेच त्याला दिसत नाही. एवढ्यावरच भागत नाही. हा आयन सी-१८ वर थांबत नाही, मोबाइल फेजबरोबर सरळ निघून जातो. आणि इथाइल अ‍ॅसिटेटमध्येही तो नीट उतरत नाही. त्यासाठी आम्लयुक्त मेथॅनॉलने वेगळे निष्कर्षण करावे लागते, हिलिक प्रकारचा (ध्रुवीय द्रव्ये धरणारा) कॉलम लागतो आणि शेवटी एमएस/एमएसच लागते. बहु-अवशेष पद्धतीत एकाच धावेत शेकडो रसायने मोजली जात असली, तरी क्लोरमेक्वाट, ग्लायफोसेट, इथेफॉन अशी अतिध्रुवीय (पाण्यात सहज विरघळणारी) मंडळी त्या यादीत बसत नाहीत, हे बागायतदारांना प्रयोगशाळांनी अधिक स्पष्टपणे सांगायला हवे. ‘सर्व तपासण्या केल्या’ असे ऐकले की लिहोसीनही त्यात आले, असा त्यांचा समज होतो.

अतिनील प्रकाश शोषणाऱ्या कीटकनाशकांचे तरी काय? इमिडाक्लोप्रिडचे शोषण २७० नॅनोमीटरच्या आसपास उत्तम असते, कार्बेन्डाझिमचेही त्याच परिसरात आहे. पण शोषण हे प्रकाशाने द्रवातून कापलेल्या अंतराच्या प्रमाणात असते. नेहमीच्या डिटेक्टरमध्ये हे अंतर दहा मिमी असते, तर ०.१५ मिमीच्या केशनलिकेत आरपार पाहिल्यास ते तेवढेच, म्हणजे सुमारे ६६ पट कमी. प्रकाश नलिकेच्या लांबीच्या दिशेने सोडून काही भरपाई करता येते, सगळी नव्हे. किलोमागे ०.०१ मिग्रॅ म्हणजे आपल्या पद्धतीच्या अर्कात मिलीमागे दहा नॅनोग्रॅम. त्यातून ०.१ मायक्रोलिटर घातला तर कॉलमवर एक पिकोग्रॅम जातो, आणि त्याच पट्ट्यात प्रकाश शोषणारे द्राक्षाचे स्वतःचे कॅटेचिन आणि इतर फिनॉल त्याच्या कित्येक हजारपट असतात. काळ्या जातींत तर अँथोसायनिनचीही भर पडते. इथे शिखर शोधणे व्यर्थ आहे.

क्षेत्रावर नेण्याजोगे एलसी-एमएस अस्तित्वात नाही असे नाही. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठाच्या गटाने छोटे कॅपिलरी एलसी आणि आटोपशीर मास स्पेक्ट्रोमीटर जोडून मातीतील पीफास (न विघटणारी फ्लोरिनयुक्त) रसायने जागेवरच मोजून दाखवली आहेत. परंतु दूषित जमिनीतील पीफासचे प्रमाण आणि निर्यातीच्या द्राक्षातील अवशेष यांच्या पातळ्यांत फरक आहे, आणि एकाच चतुर्ध्रुवाचे (वस्तुमानानुसार आयन गाळणाऱ्या भागाचे) यंत्र दोन संक्रमणे (आयन फुटून होणारे ठरावीक तुकडे) व त्यांच्या गुणोत्तरातील फरक ३० टक्क्यांच्या आत, ही तीन चतुर्ध्रुवांच्या ट्रिपल क्वाडला सहज जमणारी ओळख पटवण्याची अट तशी पुरी करू शकत नाही. शिवाय निर्यातीसाठी अपेडाच्या (केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या) ग्रेपनेट या नोंदप्रणालीवर अहवाल चढतो तो आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार अधिस्वीकृत आणि अपेडामान्य प्रयोगशाळेचाच. पॅकहाऊसवरचा निकाल फार तर आतल्या माहितीसाठी.

उत्तर ३ : हंगामी_केमिस्ट (नाशिक)

दोघांचेही आभार. एक शंका. क्लोरमेक्वाट प्रकाश शोषत नसले तरी तो आयन आहे; मग अतिनीलऐवजी विद्युतवाहकता मोजणारा, नळीला बाहेरून बसवायचा डिटेक्टर लावला तर? असे डिटेक्टर छोट्या केशनलिका-इलेक्ट्रोफोरेसिस यंत्रांत वापरतात, असे वाचले आहे.

उत्तर ४ : विश्लेषक_पुणे

वापरतात, आणि पाण्यातील साध्या आयनांसाठी ते फार चांगले काम देतात. द्राक्षात मात्र किलोमागे सुमारे दोन ग्रॅम पोटॅशियम असते. आपल्याला हवा असलेला आयन किलोमागे शतांश मिलिग्रॅमच्या पातळीवर आहे, म्हणजे पोटॅशियम त्याच्या लाखपटीने किंवा त्याहूनही अधिक. वाहकता मोजणाऱ्या डिटेक्टरला आयन कोणता हे कळत नाही, फक्त आयन आहेत एवढे कळते. पोटॅशियम आधी काढून टाकण्याइतकी सफाई पॅकहाऊसवर करायची असेल, तर तिथे प्रयोगशाळाच बांधावी लागेल.

उत्तर ५ : जलनमुना (पणजी)

मी पिण्याच्या आणि भूजलाच्या तपासणीत काम करते. इथे चर्चा द्राक्षापुरती चालली आहे, त्यामुळे सूक्ष्म एलसी म्हणजे नसता खटाटोप असे वाचकांचे मत होऊ नये, म्हणून लिहिते.

पाण्याचा नमुना स्वच्छ असतो आणि मुख्य म्हणजे तो स्वतःच दुर्बल द्रावक आहे. सी-१८ वर पाणी कितीही सोडले तरी त्यातील कीटकनाशके कॉलमच्या तोंडाशीच अडकून राहतात आणि सेंद्रिय द्रावक वाढवल्यावरच सुटतात. त्यामुळे ४९ पटींचा जो लाभ द्राक्षात हातचा निसटतो, तो पाण्यात खरोखर पदरात पडतो. युरोपात पिण्याच्या पाण्यातील एकेका कीटकनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आणि सर्वांना मिळून ०.५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. तिथवर पोहोचायला नेहमीच्या पद्धतीत नमुना आधी सॉलिड-फेज काडतुसातून काढून संहत करावा लागतो, तर कॅपिलरी एलसीत ही पायरी यंत्रातच सामावून घेता येते. स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठात यासाठी वापरलेली युक्ती मला फार आवडते : सहा तोंडांच्या इंजेक्शन व्हॉल्व्हवरील लूप (नमुना भरायची नळी) काढून त्या जागी गॅस क्रोमॅटोग्राफीच्या केशकॉलमचा एक तुकडा बसवायचा. त्याच्या आतल्या थरात पाण्यातील सेंद्रिय प्रदूषके शोषली जातात, व्हॉल्व्ह फिरवला की मोबाइल फेज ती उचलून कॉलमवर नेते. काडतूस नाही, द्रावक उडवणे नाही, आणि नमुना काही मिलीच पुरतो. मात्र ध्रुवीय रसायने त्या थरात फारशी धरली जात नाहीत, तेव्हा क्लोरमेक्वाट इथेही हुलकावणी देणारच.

आपल्या शेतकरी कंपनीला ते छोटे यंत्र घ्यायचेच असेल, तर द्राक्षाऐवजी फवारणीची टाकी आणि औषधाच्या बाटल्या तपासायला घ्यावे, असे मी सुचवेन. ‘जैविक’ किंवा ‘रेसिड्यू फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत न सांगितलेले रासायनिक कीटकनाशक मिसळलेले असण्याची तक्रार बागायतदारांकडून नेहमी ऐकू येते. लिटरला ०.३ मिली या प्रमाणात १७.८ टक्क्यांचे इमिडाक्लोप्रिड घातले, तर टाकीत लिटरमागे पन्नास-साठ मिग्रॅ असते, म्हणजे वर आलेल्या ०.०१ मिग्रॅच्या सरसकट मर्यादेच्या पाच-सहा हजारपट. एवढे प्रमाण एलईडीच्या डिटेक्टरला सहज दिसते, मध्ये फळाचा रसही येत नाही, आणि निकाल फवारणीच्या आधी हाती येतो.

उत्तर ६ : खरडछाटणी (तासगाव)

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही, द्राक्षबागांना सल्ला देतो. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली. लिहोसीन मारले जाते ते मुख्यतः एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, शेंड्याची वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून. काढणीच्या तोंडावर पॅकहाऊसमध्ये ते सापडले काय किंवा न सापडले काय, तोवर बागायतदाराच्या हातात करण्यासारखे काही उरलेले नसते. बुरशीनाशकाबाबत जशी काढणी आठ दिवस लांबवून वाट पाहता येते, तशी इथे येत नाही. युरोपात नासपतीच्या झाडांत एका वर्षी मारलेले क्लोरमेक्वाट लाकडात राहून पुढच्या हंगामाच्या फळांत उतरल्याचे नोंदवले गेले आहे. वेलही बहुवर्षायू आहे. म्हणून ज्याने बाग नव्याने करारावर घेतली आहे आणि आधीच्या मालकाने काय मारले हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मणी धरल्यावर लगेच एक नमुना फक्त लिहोसीनसाठी प्रयोगशाळेत पाठवावा. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींत कोणते रसायन वापरायचे आणि कोणते टाळायचे याची यादी असते, ती छाटणीच्या आधी वाचली तर यंत्राचा प्रश्न निम्मा सुटतो.

उत्तर ७ : सूक्ष्मप्रवाह (सध्या बेल्जियम)

तासगावकरांच्या मुद्द्याला जोडून मूळ प्रश्नकर्त्यासाठी एक व्यवहार्य सूचना. कॅपिलरीचा निर्णय हंगामात घेऊ नका. मे महिन्यानंतर एक यंत्र मोकळे असेल, तेव्हा विक्रेत्याकडून ०.३ मिमीची संपूर्ण जोडणी प्रात्यक्षिकासाठी मागवा आणि गोठवून ठेवलेले खऱ्या बागांचे अर्क त्यावर सलग चालवा. शुद्ध द्रावकातील मानक द्रावणांवर दाखवलेले प्रात्यक्षिक मान्य करू नका. अर्क दहापट पातळ करून ०.०१ मिग्रॅच्या पातळीवर पुनर्प्राप्ती ७० ते १२० टक्क्यांत आणि विचलन २० टक्क्यांच्या आत राहते का, ते पाहा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे किती इंजेक्शनांनंतर दाब चढतो आणि धारणकाल ०.१ मिनिटाबाहेर जातो, याची नोंद ठेवा. क्लोरमेक्वाटसाठी मात्र आजचा हिलिक कॉलम आणि नेहमीचा प्रवाह आहे तसाच राहू द्या. त्याला दुसऱ्या यंत्रावर कायमची जागा द्या, म्हणजे कॉलम बदलण्यात रात्री जाणार नाहीत.

उत्तर ८ : हंगामी_केमिस्ट (नाशिक)

गोठवलेले अर्क आमच्याकडे आहेत, त्यामुळे जूनमध्ये चाचणी लावता येईल. शेतकरी कंपनीला टाकी आणि बाटल्या तपासण्याची कल्पना आजच कळवतो. लिहोसीनचे नमुने मणी धरल्यावर घेण्याचे वेळापत्रकही त्यांच्याशी बोलून ठरवतो. दरम्यान ट्रॅप कॉलम उलट्या प्रवाहाने धुण्यासाठी व्हॉल्व्हची जोडणी कशी करतात, याचे रेखाचित्र कोणाकडे असल्यास कृपया इथे टाकावे.